वापरलेला पहिला शॉर्टबोर्ड निवडताना: आकार ठरवण्यापासून तपासणीपर्यंत

विंडसर्फिंग शिकताना सुरुवातीला हाती येणारा बोर्ड लांब, जड आणि मध्यभागी डॅगरबोर्ड, म्हणजे खाली पाण्यात जाणारे आणि बोर्डाला आडवे वाहण्यापासून रोखणारे पाते, असलेला असतो. त्यावर तोल सांभाळणे, शीड पाण्यातून वर ओढणे, वाऱ्याच्या दोन्ही बाजूंना वळणे आणि हार्नेसमध्ये, म्हणजे शिडाला अडकवता येणाऱ्या कंबरपट्ट्यात, अंगाचा भार टाकणे जमू लागले, की जोराच्या वाऱ्यात तोच बोर्ड अवघड वाटू लागतो. मग शॉर्टबोर्डाचा, म्हणजे डॅगरबोर्ड नसलेल्या आणि केवळ मागच्या तळाशी असलेल्या फिनच्या, म्हणजे पातळ पंखाच्या, आधारावर चालणाऱ्या आखूड बोर्डाचा विचार सुरू होतो. नवा बोर्ड महाग असतो, शिकाऊ हातांत त्याला खरचटणारच असते आणि वर्षा-दोन वर्षांत त्याहून लहान बोर्ड हवासा वाटणार असतो. त्यामुळे पहिला शॉर्टबोर्ड वापरलेलाच घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र तो घेताना रंग, ब्रँड आणि निर्मितीचे वर्ष या तीन गोष्टींना लोक जितके महत्त्व देतात, तितके त्यांना नाही. बोर्ड तुमच्या वजनाला पुरेसा मोठा आणि रुंद आहे का आणि त्याचा गाभा कोरडा आहे का, या दोन प्रश्नांच्या उत्तरांवरच व्यवहार ठरला पाहिजे.

आकार घरी बसून ठरवा

बोर्ड प्रत्यक्ष पाहण्यापूर्वीच किती लिटरचा बोर्ड हवा हे कागदावर लिहून ठेवावे, कारण समोर चकचकीत बोर्ड आणि स्वस्त किंमत आली की माणूस स्वतःचे वजन विसरतो. हिशेब सोपा आहे. एक लिटर आकारमान गोड्या पाण्यात साधारण एक किलो भार तोलून धरते, खाऱ्या पाण्यात किंचित जास्त. ७५ किलो वजनाच्या व्यक्तीच्या अंगावर ओला वेटसूट आणि हार्नेस मिळून सुमारे ४ किलो असतात, मास्ट (शिडाची उभी काठी), बूम (हातात धरायची आडवी दांडी) आणि शीड यांचे मिळून ९ किलोच्या आसपास होतात आणि फिन व फूटस्ट्रॅपसह (पाय अडकवायच्या पट्ट्यांसह) बोर्डाचे स्वतःचे वजनही जवळजवळ तितकेच असते. ही बेरीज ९७ किलोपर्यंत जाते. म्हणजे १०० लिटरच्या बोर्डावर ही व्यक्ती उभी राहिली, तर बोर्ड जवळजवळ पूर्णपणे पाण्याखाली जाईल आणि शीड वर ओढताना तोल सांभाळणे केवळ कसलेल्यांनाच जमेल. निवांत उभे राहता यावे, चुकलेल्या वळणानंतर पुन्हा सुरुवात करता यावी आणि वारा पडल्यावर किनाऱ्याकडे परतता यावे, यासाठी २५ ते ४० लिटरची शिल्लक हवी. म्हणून पहिल्या शॉर्टबोर्डासाठी आपल्या किलोतल्या वजनात ४५ ते ६० मिळवावेत आणि येणारा आकडा लिटर समजावा. ६० किलोच्या व्यक्तीसाठी तो १०५ ते १२०, ७५ किलोच्या व्यक्तीसाठी १२० ते १३५ आणि ९० किलोच्या व्यक्तीसाठी १३५ ते १५० होतो.

या टप्प्यातले नेमके कोणते टोक धरायचे, हे वॉटरस्टार्ट येतो की नाही यावर अवलंबून आहे. पाण्यात पडलेल्या अवस्थेतूनच वाऱ्याच्या ओढीने बोर्डावर चढता येत असेल, तर खालच्या टोकाचा विचार करता येतो. येत नसेल तर वरचे टोकच धरावे आणि बोर्ड विकणाऱ्याने कितीही समजावले तरी त्यापासून ढळू नये. लहान बोर्ड घेतला की आपण लवकर शिकू, ही समजूत उलटी आहे. शिकण्याची गती पाण्यावर उभे राहून काढलेल्या वेळेवर ठरते आणि लहान बोर्डावर हा वेळ बोर्डाशेजारी तरंगण्यात जातो.

लिटरइतकीच रुंदी महत्त्वाची आहे. साधारण २००० सालाच्या आसपास बोर्डांची घडण बदलली. त्याआधीचे शॉर्टबोर्ड २७० ते ३०० सेंटीमीटर लांब आणि बहुधा ६० सेंटीमीटरच्या आसपास रुंद असत, तर त्यानंतरचे फ्रीराइड, म्हणजे सर्वसाधारण मौजेसाठीचे, बोर्ड २५० सेंटीमीटरच्या आगेमागे लांब आणि ७० ते ८० सेंटीमीटर रुंद झाले. दोन्हींचे आकारमान १२५ लिटर असू शकते, तरी पायांखाली ते पूर्णपणे वेगळे वाटतात. अरुंद बोर्ड जरा पाय चुकताच कलंडतो, तर रुंद बोर्ड आडव्या डोलण्याला विरोध करतो आणि कमी वाऱ्यातही पाण्यावर चढून घसरत धावू लागतो, ज्याला प्लेनिंग म्हणतात. म्हणून जुना अरुंद बोर्ड फुकटात मिळाला तरी पहिला शॉर्टबोर्ड म्हणून तो घेऊ नये. याच्या उलट ८५ सेंटीमीटरहून अधिक रुंद बोर्डही टाळावा, कारण प्लेनिंग करत वळताना तो कडेवर झुकवणे कठीण जाते आणि त्याला मोठे शीड व मोठी फिन लागते.

वाऱ्याचाही येथेच विचार व्हायला हवा. रुंद फ्रीराइड बोर्ड आणि ७ चौरस मीटरच्या आसपासचे शीड घेऊन मध्यम वजनाच्या व्यक्तीला प्लेनिंगसाठी साधारण १२ ते १५ नॉट (ताशी सुमारे २२ ते २८ किलोमीटर) वारा लागतो. त्याहून कमी वाऱ्यात डॅगरबोर्ड नसलेला बोर्ड वारा येतो त्या दिशेने सहसा वर चढत नाही, हळूहळू वाऱ्यासोबत खाली वाहत जातो. तुम्ही ज्या पाण्यावर जाता तिथे बहुतेक दिवस १० नॉटच्या आतच वारा असेल, तर शॉर्टबोर्ड विकत घेण्यापेक्षा मागे घेता येणारा डॅगरबोर्ड असलेला मोठा फ्रीराइड बोर्ड शोधणे शहाणपणाचे आहे.

प्रकार कोणता

येथे फार वेळ घालवण्याची गरज नाही. फ्रीराइड प्रकारचा बोर्ड घ्यावा. वेव्ह बोर्ड लाटांसाठी आणि फ्रीस्टाइल बोर्ड कसरतींसाठी असतात व नवख्याला लागणाऱ्या लिटरमध्ये ते क्वचितच मिळतात. स्लॅलम बोर्डाचे फूटस्ट्रॅप अगदी कडेला असतात आणि तिथे पाय पोहोचवण्यासाठी आधी पूर्ण वेग आणि हार्नेसवर भरवसा लागतो. मोहात पाडणारे दोन प्रकार मात्र ओळखून ठेवावेत. पहिला फॉर्म्युला बोर्ड, जो सुमारे एक मीटर रुंद असतो, ७० सेंटीमीटरपर्यंत लांब फिन वापरतो आणि ९ चौरस मीटरच्या वरच्या शिडांसाठी बनवलेला असतो. दुसरा ऑलिंपिकमधून निवृत्त झालेला शर्यतीचा बोर्ड. १९९६ ते २००४ या काळातला मिस्ट्रल वन डिझाइन किंवा २००८ पासून टोकियो ऑलिंपिकपर्यंत वापरला गेलेला आरएस:एक्स यांची बांधणी भक्कम असते आणि ते स्वस्तात विकायला निघतात, पण त्यांतला कोणताही शॉर्टबोर्ड नव्हे. दोन्हींना डॅगरबोर्ड आहे आणि दोन्ही वजनदार आहेत.

ब्रँडबद्दल एवढे सांगणे पुरेसे आहे की अनेक नामांकित ब्रँडचे बोर्ड थायलंडमधील कोब्रा या एकाच कारखान्यात तयार झालेले असतात. त्यामुळे नावापेक्षा विशिष्ट मॉडेल आणि त्याची बांधणी पाहावी. बहुतेक बोर्डांचा गाभा पॉलिस्टायरीन फोमचा असतो आणि त्यावर काचतंतू, एपॉक्सी हे रेझिन (कडक होणारी राळ) आणि कधी पीव्हीसी फोम, लाकडाचा पातळ थर किंवा कार्बन यांचे कवच असते. कार्बन कवचाचा बोर्ड हलका आणि ताठ असतो, पण मास्ट आदळल्यावर चटकन फुटतो. पहिल्या बोर्डासाठी काचतंतूचे किंचित जड पण सोशिक कवच जास्त उपयोगी आहे.

पाहायला जाण्यापूर्वी

विकणाऱ्याला मॉडेल, वर्ष, लिटर, रुंदी आणि फिन बॉक्सचा, म्हणजे फिन ज्यात बसते त्या खाचेचा, प्रकार विचारावा. ही माहिती सहसा बोर्डावरच छापलेली असते, म्हणून त्या मजकुराचा फोटो मागावा. त्यासोबत टोकाचा, तळाचा, फिन काढलेल्या फिन बॉक्सचा आणि मागच्या फूटस्ट्रॅपखालच्या भागाचा जवळून काढलेला फोटो मागावा. आजवर कोणती दुरुस्ती झाली, ती कोणी केली आणि कोणते रेझिन वापरले, हे स्पष्ट विचारावे. शेवटचा प्रश्न किरकोळ नाही. पॉलिस्टायरीन फोमवर पॉलिएस्टर रेझिन पडले तर फोम विरघळतो आणि वरून गुळगुळीत दिसणाऱ्या दुरुस्तीखाली पोकळी तयार होते. एपॉक्सीने केलेली दुरुस्तीच ग्राह्य धरावी. बोर्ड कुठे ठेवला होता हेही कळले पाहिजे. सावलीत, कोरड्या जागी राहिलेला दहा वर्षांचा बोर्ड हा उन्हात उघड्यावर पडून राहिलेल्या तीन वर्षांच्या बोर्डाहून चांगला असतो. भाड्याने दिल्या जाणाऱ्या बोर्डांवर खुणा जास्त असतात, पण त्यांची निगा बऱ्याचदा नियमित राखलेली असते, म्हणून ते सरसकट नाकारू नयेत.

जाताना वजनकाटा, सरळ लांब पट्टी, छोटी विजेरी, स्क्रू-ड्रायव्हर, ओले फडके आणि एक नाणे सोबत न्यावे.

प्रथम वजन

तपासणीची सुरुवात वजनापासून करावी, कारण आत शिरलेले पाणी डोळ्यांना दिसत नाही पण काट्याला कळते. फिन आणि फूटस्ट्रॅप काढून बोर्ड तोलणे उत्तम. ते शक्य नसेल तर चार स्ट्रॅप आणि स्क्रूंसाठी साधारण एक किलो आणि फिनसाठी अर्धा ते एक किलो वजा करावा. माणसांचा साधा वजनकाटा असेल तर बोर्ड हातात धरून त्यावर उभे राहावे आणि येणाऱ्या आकड्यातून स्वतःचे वजन वजा करावे. त्या मॉडेलसाठी उत्पादकाने दिलेल्या वजनाशी तुलना करताना हे लक्षात ठेवावे की कारखान्यातून निघणाऱ्या नव्या बोर्डांतही काही टक्क्यांचा फरक असतो आणि प्रत्येक दुरुस्ती थोडे वजन वाढवते. काही शे ग्रॅमने घाबरू नये. मात्र एक किलो किंवा त्याहून जास्त फरक दिसला आणि त्याचे समाधानकारक कारण मिळाले नाही, तर बोर्डाने पाणी प्यायले आहे असे समजावे आणि तेथेच थांबावे. भिजलेला फोम वाळवता येतो, पण त्यासाठी कवचाला छिद्रे पाडून आठवडेच्या आठवडे वाट पाहावी लागते आणि तरीही तो पूर्ण कोरडा होईल याची खात्री नसते.

त्यानंतर हवेचा स्क्रू पाहावा. डेकवर, म्हणजे बोर्डाच्या वरच्या पृष्ठभागावर, बहुधा मास्ट ट्रॅकजवळ (मास्टचा पाया बसतो त्या खाचेजवळ), एक छोटा स्क्रू असतो, जो विमानप्रवासात किंवा उष्णतेत आतली हवा प्रसरण पावली तर तिला वाट देतो. तो उघडताना हवा सुटल्याचा बारीक आवाज आला तर ती चांगली खूण आहे, कारण बोर्ड हवाबंद असल्याशिवाय आत दाब साठत नाही. स्क्रूखालची रबरी कडी फाटलेली किंवा गायब असेल, तर त्या वाटेने पाणी आत गेलेले असू शकते. स्क्रूच्या भोकाशी ओलसर, कोंदट वास आला तर संशय पक्का धरावा. काही बोर्डांत हवा जाऊ देणारी पण पाणी रोखणारी झडप कायमची बसवलेली असते आणि तिथे स्क्रू उघडावा लागत नाही.

डेक, तळ आणि फिन बॉक्स

बोर्ड पुसून उन्हात किंवा तिरप्या प्रकाशात धरावा. टोकाशी पाहावे, कारण वाऱ्याच्या झोताने माणूस पुढे फेकला गेला की मास्ट किंवा बूम तिथेच आदळते. रंगाची छटा बदललेली दिसली, चकचकीत भागात मधेच निस्तेज पट्टा दिसला किंवा विनाकारण स्टिकर चिकटवलेला दिसला, तर खाली दुरुस्ती आहे हे गृहीत धरून तो भाग बोटांनी चाचपावा.

आता डेक. फूटस्ट्रॅपच्या जवळ जिथे टाचा टेकतात, ती जागा सर्वांत आधी थकते. दोन्ही अंगठे एकमेकांशेजारी ठेवून तिथे जोराने दाबावे आणि अंगठे एकेक इंच सरकवत सगळा भाग तपासावा. निरोगी डेक जराही दबत नाही. कवच गाभ्यापासून सुटलेले असेल तर अंगठ्याखाली ते किंचित आत जाते आणि सोडल्यावर पुन्हा वर येते. मग नाण्याने टिचक्या माराव्यात. घट्ट जागी आवाज टणक आणि एकसारखा येतो, तर सुटलेल्या जागी तो बसका होतो. डाव्या टाचेच्या जागेची उजव्या टाचेच्या जागेशी तुलना करत गेले की अनुभव नसलेल्या कानालाही हा फरक समजतो. मास्ट ट्रॅकच्या दोन्ही बाजूंना, जिथे शीड ओढताना पाय असतात, तिथेही हीच तपासणी करावी.

तळाकडे वळल्यावर दोन गोष्टी शोधाव्यात. पहिली आडवी भेग. मास्ट ट्रॅकच्या खाली किंवा त्याच्या आसपास एका कडेपासून दुसरीकडे जाणारी बारीक रेघ असेल, तर बोर्डाचा कणा मोडण्याच्या वाटेवर आहे. रंगावरचा ओरखडा आणि खरी भेग यांतला भेद ओल्या फडक्याने कळतो. फडके फिरवल्यावर ओरखडा आजूबाजूच्या पृष्ठभागासोबतच वाळतो, पण भेगेत ओल अडकून राहते आणि सगळीकडे कोरडे झाल्यावरही ती केसाएवढी काळी रेघ काही क्षण तशीच दिसत राहते. दुसरी गोष्ट म्हणजे तळाचा सपाटपणा. फिन बॉक्सच्या बाजूला पट्टी लांबीच्या दिशेने ठेवून प्रकाशाकडे पाहावे. फ्रीराइड बोर्डाचा मागचा ६० सेंटीमीटर किंवा अधिक भाग जवळजवळ सपाट असतो. तिथे उंचवटा किंवा खळगा असेल, तर बोर्ड उन्हात तापून वाकला आहे किंवा दुरुस्ती ओबडधोबड झाली आहे आणि त्याच्या प्लेनिंगवर त्याचा थेट परिणाम होतो.

सर्वांत जास्त ताण फिन बॉक्सवर येतो, म्हणून तिथे घाई करू नये. फिन बाहेर काढून विजेरीने आतल्या कडा पाहाव्यात, विशेषतः पुढचा आणि मागचा कोपरा, कारण उथळ पाण्यात फिन दगडाला आदळली की धक्का तिथेच बसतो. मिठाचा पांढरा थर किंवा तांबूस ओल भेगेतून झिरपलेली दिसली, तर पाणी आत-बाहेर करत आहे हे उघड आहे. नंतर फिन पुन्हा घट्ट बसवून तिचे टोक दोन्ही बाजूंना हलवावे. फिन स्वतः लवली तर ठीक, पण बॉक्स बोर्डात हलताना दिसला किंवा त्याभोवतीची रेघ उघडली-मिटली, तर बोर्ड घेऊ नये. फॉइल (बोर्डाला पाण्याबाहेर उचलणारा पाण्याखालचा पंख) लावून वापरलेल्या बोर्डांत हे विशेष पाहावे. फॉइलचा लांब खांब बॉक्सवर फिनच्या कितीतरी पट ताण टाकतो आणि फॉइलसाठी मजबूत न केलेले बॉक्स त्यामुळे फाटतात.

बॉक्सचा प्रकारही नोंदवावा. पॉवर बॉक्सला डेककडून येणारा एक बोल्ट असतो आणि टटल बॉक्सला दोन. डीप टटल त्याच घडणीचा पण जास्त खोल असतो व मोठ्या फिनसाठी वापरला जातो. टटलची फिन लांब बोल्ट वापरून डीप टटलमध्ये बसवता येते, पण डीप टटलची फिन उथळ टटलमध्ये जात नाही. यूएस बॉक्स ही लांब खाच असते आणि ती मुख्यतः वेव्ह बोर्डांत आढळते. पहिल्या फ्रीराइड बोर्डासाठी पॉवर बॉक्स किंवा टटल, दोन्ही चांगले. फक्त पुढे दुसरी फिन घेताना हेच नाव लागणार आहे.

शेवटी मास्ट ट्रॅकमध्ये मास्टचा पाया बसवून तो पुढे-मागे सरकतो आणि पक्का आवळता येतो हे पाहावे. प्रत्येक फूटस्ट्रॅपचा स्क्रू फिरवून पाहावा. फिरतच राहणारा स्क्रू म्हणजे आतली पकड निकामी झाली आहे, आणि ती नव्याने बसवणे हे कवच कापून करावे लागणारे काम आहे. स्ट्रॅपसाठी बोर्डाच्या मध्याकडे आणि पुढे सरकवलेली भोके आहेत का हेही याच वेळी पाहावे, कारण सुरुवातीला तीच लागतात.

काय चालेल आणि काय नाही

कडांवरचे टवके, घासून गुळगुळीत झालेला डेकचा खरखरीतपणा, फाटके स्ट्रॅप, उडालेला रंग आणि बोथट झालेली फिन यांना दोष मानू नये. टवके एपॉक्सीने भरता येतात, खरखरीतपणा पुन्हा देता येतो आणि या गोष्टींच्या आधारे किंमत कमी करून मागणे योग्यच आहे. नाण्याएवढी मऊ जागा एखादीच असेल, तर एपॉक्सी टोचून ती बुजवता येते, पण त्या कामाचा खर्च किमतीतून वजा झाला पाहिजे. तळहाताएवढी किंवा मोठी मऊ जागा, आडवी भेग, हलणारा फिन बॉक्स आणि न समजणारे जादा वजन यांपैकी एकही असेल, तर किंमत कितीही उतरली तरी बोर्ड सोडून द्यावा. शक्य असेल तिथे पैसे देण्यापूर्वी तासभर पाण्यावर चालवून पाहावा आणि परत आल्यावर पुन्हा तोलावा. बाहेरून पुसून घेतल्यावरही वजन वाढलेले दिसले, तर आणखी काही तपासण्याची गरज उरत नाही.

सोबत येणारे सामान

फिन बोर्डासोबत आलीच पाहिजे. १२० ते १३५ लिटरच्या फ्रीराइड बोर्डाला साधारण ४० ते ४८ सेंटीमीटरची फिन शोभते. मास्ट, बूम आणि शीड एकत्र मिळत असेल तर शिडाचे क्षेत्रफळ बोर्डाला आणि तुमच्या वाऱ्याला जुळते का, तसेच शिडावर लिहिलेली मास्टची लांबी मिळालेल्या मास्टशी जुळते का, हे पाहावे. न जुळणारा मास्ट असेल तर चांगले शीडही नीट ताणले जात नाही. मास्टच्या पायातला लवचीक सांधा हाताने वाकवून बारकाईने पाहावा. त्यावर बारीक भेगा दिसल्या तर तो न चुकता बदलावा, कारण किनाऱ्यापासून दूर तो तुटला तर शीड आणि बोर्ड वेगळे होतात. त्या सांध्यासोबत सुरक्षेची दोरी असते, ती शाबूत आहे ना हेही पाहावे.

पहिले काही दिवस

बोर्ड घरी आला की हवेच्या स्क्रूची रबरी कडी नवी बसवावी. स्ट्रॅप सर्वांत आतल्या आणि पुढच्या भोकांत लावावेत आणि पाय सहज आत-बाहेर जाईल इतके सैल ठेवावेत. मास्टचा पाया ट्रॅकच्या मध्यावर ठेवून सुरुवात करावी. पहिल्या फेऱ्यांसाठी किनाऱ्याला समांतर किंवा थोडा किनाऱ्याकडे वाहणारा वारा निवडावा. डॅगरबोर्ड नसल्याने वारा पडला की बोर्ड खाली वाहत जातो, त्यामुळे किनाऱ्याकडून पाण्याकडे वाहणाऱ्या वाऱ्यात या बोर्डाने जाऊच नये. प्रत्येक वेळी बाहेर आल्यावर फिनचे बोल्ट आवळून पाहावेत, बोर्ड गोड्या पाण्याने धुवावा आणि सावलीत ठेवावा. तापलेल्या बंद गाडीत ठेवावाच लागला तर हवेचा स्क्रू सैल करावा आणि तो पाण्यात उतरण्यापूर्वी पुन्हा आवळण्याची आठवण राहावी म्हणून स्क्रू-ड्रायव्हर हार्नेसच्याच पिशवीत ठेवावा.